हलकी बोटं

सई कीबोर्ड फोडायलाच निघाली होती. पडद्यावरून ठिपके घसरत येतात आणि गाण्याच्या ठेक्यावर नेमकं बटण दाबायचं, असा तो खेळ. वर्गाच्या ग्रुपवर ऋचाने तिला ‘हातोडी’ म्हटलं होतं, तेव्हापासून माझ्या लेकीला ऋचाचा स्कोअर मोडायचा होता.

मी कपड्यांच्या घड्या घालत बघत होते. रागाने बटण पार तळाला जायचं, बोट वर यायला उशीर व्हायचा आणि पुढचा ठोका हुकायचा.

“अगं, दोन बोटं आलटून पालटून नुसती टेकव.”

“आई, राग सोड म्हणून सांगू नकोस हं!”

“सोड कोण म्हणतंय? बोटात आणू नकोस.”

मला माझी जाऊ आठवली. तिच्या टोमण्यांना मी वर्षानुवर्षं जोर लावून उत्तरं दिली आणि दर वेळी भांडकुदळ मीच ठरले. सूड घ्यायला हात हलका लागतो.

खोलीतला खडखडाट थांबला. बोटं आता जेमतेम वाजत होती. थोड्या वेळाने सई ओरडली, “गेले मी पुढे! ग्रुपवर फोटो टाकते. खाली काय लिहू?”

“काही लिहू नकोस,” मी म्हटलं. “नुसता टाक.”