जीपमध्ये मावणारं पान

तिचं नाव मी विचारलंच नाही. नारायणगावच्या दुकानात मी लॅपटॉप बघत होतो. पत्नीचं अर्धं राहिलेलं भाषांतर मला पुरं करायचं होतं, पण ती गेल्यापासून तिच्या टेबलाशी बसवत नव्हतं. कुठंही नेता येईल असं काहीतरी हवं होतं.

एवढ्यात एक तरुणी आली. तिनं दुकानदाराला बाकावर बसवलं आणि मला म्हणाली, "काका, तुमी पण या. दाटून बसा."

आमच्या दोघांच्या मधे घुसून तिनं रुंद स्क्रीनचा लॅपटॉप मांडीवर उघडला. त्याचा कोपरा माझ्या बरगडीत रुतला.

"हे काय ताई?" दुकानदार म्हणाला.

"आळेफाट्याची जीप! एका शिटावर चौघं कोंबत्यात राव. क्लासचे पेपर मी तिथंच टाइप करते."

मग तिनं दुसरा घेतला, रुंदीला कमी पण उंच, तीनास दोन प्रमाणाच्या स्क्रीनचा. आता कुणालाच काही टोचलं नाही. ती जवळजवळ ओरडली, "काका, आख्खं पान दिसतंय बघा!"

"पिच्चरला वरखाली काळ्या पट्ट्या येतील," दुकानदार कुरकुरला.

"येऊंद्या. पिच्चरला टीव्ही हाय की घरी!"

कित्येक महिन्यांनी मी मोठ्यानं हसलो, आणि तसाच एक घेतला.

घरापर्यंत थांबवेना. स्टँडच्या बाकावरच खिशातला पेनड्राइव्ह लावून पत्नीची फाइल उघडली. तिचा शेवटचा परिच्छेद सबंध दिसत होता आणि त्याच्याखाली बरीच मोकळी जागा होती. मी तिथून पुढं लिहायला लागलो.