वाढवलेलं दुकान

गिरगावातल्या शाळेत मी इंग्रजी तिसरीला शिकवायला लागलो तेव्हा इंग्रजीपेक्षा माझा रागच मुलांना लवकर पाठ झाला. माझी नेमणूक कच्ची होती. हेडमास्तरांनी स्पष्टच बजावलं होतं, “दिवाळीआधी इन्स्पेक्टरसाहेब येतील. त्यांचा शेरा चांगला पडला तर राहाल, नाहीतर दुसरीकडे बघा.” गावी आई-वडील आणि लग्नाची बहीण. दुसरीकडे बघायला माझ्याकडे काही नव्हतं.

एके दिवशी वाण्याच्या मुलाने निबंधात लिहून आणलं, ‘माय काका इन्क्रीज्ड द शॉप अँड केम होम.’ काकाने दुकान वाढवलं आणि घरी आला! मी पेटलो. “गाढवा, दुकान वाढवून घरी कशाला आला? वाढलं तर बसेल ना तिथंच!” वर्ग हसला. मी त्याला दोन छड्या मारल्या. “पण मास्तर, वाढवलंच,” तो रडत म्हणाला. उलट उत्तर दिलं म्हणून तिसरी बसली.

शेजारच्या वर्गात संस्कृत शिकवणारे शास्त्रीबुवा होते. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे माझी सगळी गर्जना त्यांना ऐकू जाई. शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“अहो मास्तर, तुमच्याकडे परवा सत्यनारायण झाला ना? नारळ फोडलात की वाढवलात?”

“वाढवला.”

“आणि वाणी रात्री दुकान बंद करतो की वाढवतो?”

बंद, फुटणं, तुटणं हे शब्द अशुभ, म्हणून आपण उलटं बोलतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण इंग्रजीचं पुस्तक हातात घेतलं की मी माझं मराठी उंबऱ्याबाहेर काढून ठेवत असे.

“पोराचं मराठी चोख आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. “इंग्रजीला आपला हा शिष्टाचार माहीत नाही, एवढंच. ते सांगा त्याला. छडी कसली मारता?”

राग आला, खोटं कशाला बोलू? ज्यांना एबीसीडी येत नाही त्यांनी मला इंग्रजी शिकवण्यावरून बोलावं! पण त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वर्गात जाऊन मी सगळ्यांदेखत त्या मुलाला म्हणालो, “चूक माझी होती.” मग फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. एकीकडे घरी काय म्हणतात, दुसरीकडे साहेब काय म्हणेल. मुलांच्या उत्साहाला ऊत आला. कुणी आईची बांगडी ‘वाढल्याचं’ सांगितलं. कुणी म्हणाला, आम्ही निघताना ‘येतो’ म्हणतो, साहेब ऐकेल तर वाट बघत बसेल. महिनाभरानंतर त्या वर्गात छडी लागलीच असती, तर मला ती शोधावी लागली असती.

इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी नेमकं वाण्याच्याच मुलाला उभं केलं आणि काल काय केलंस, असं इंग्रजीत विचारलं. तो उत्तरला, देवळात गेलो आणि वडिलांनी नारळ ‘इन्क्रीज’ केला. साहेबांच्या भुवया वर चढल्या. हेडमास्तर माझ्याकडे बघू लागले. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, “नो सर, ब्रोक.” आणि आमच्या घरात फोडणं का म्हणत नाहीत ते त्याने मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत समजावलं.

साहेबांनी फळ्यावरच्या रेघेच्या दोन्ही बाजू वाचून काढल्या. “ही युक्ती कोणत्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलात?” त्यांनी विचारलं. हेडमास्तर मला डोळ्यांनी खुणावत होते, काहीतरी वजनदार सांगा. खोटं सांगायला माझी जीभ वळली नाही. “पलीकडच्या शास्त्रीबुवांकडून. त्यांना इंग्रजी येत नाही,” मी म्हणालो. हेडमास्तरांचा चेहरा पडला.

साहेबांना मराठी येत होतं. ते शास्त्रीबुवांच्या वर्गात गेले. भिंतीपलीकडून मला ऐकू आलं, “मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, साहेब. पण मास्तर मनाचा चांगला आहे. ऐकतो.” माझे डोळे भरून आले. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो.

दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावून शेरा वाचून दाखवला. ‘यांना कायम करावे. मात्र वर्ग शास्त्र्यांच्या शेजारचाच द्यावा.’

तो शेजार मला सात वर्षं लाभला.