रविवारचा हुंदका

आमच्या शेजारी एका राइस मिलचे मॅनेजर राहत. दर रविवारी दुपारी ते कूलरसमोर बसून जुना कृष्णधवल सिनेमा लावत. दार मुद्दाम उघडं ठेवत, म्हणजे त्यांचा हुंदका आम्हालाही ऐकू यावा. रुमाल नेहमी इस्त्रीचा असे. गाणी ते पुढे पळवत, पण मजुरांचे हाल आले की सीडी थांबवून मला म्हणत (मी तेव्हा गावात एक छोटं पत्रक काढत असे), "पाह्य भाऊ, मालक लोक असेच रक्त पितात. तुझ्या पत्रकात छाप हे."

मे महिन्यातल्या अशाच एका रविवारी मी तिथे बसलो असताना मिलमधली एक बाई दारात आली. मिलच्या आवारात उकडलेलं धान सिमेंटवर वाळत घालतात आणि बाया भर उन्हात अनवाणी पायांनी ते खालीवर करतात.

"साहेब, पायाले फोड आले," ती म्हणाली. "दुपारचं काम ऊन उतरल्यावर लावा, नाही तर चपला घालू द्या."

"धान म्हणजे लक्ष्मी आहे बाई. तिच्यावर चपला?" ते म्हणाले. "आन घाई काऊन करून राहिली? बस, सिनेमा पाह्य."

ती उंबऱ्याशी बसली. पडद्यावर मजूर तापल्या वाळूतून दगड वाहत होते. मॅनेजरांनी डोळ्यांना रुमाल लावला. "कसे हाल करून राहिले पाह्य."

"हो साहेब," ती म्हणाली, "पण त्यायच्या पायात चपला आहेत."

त्यांनी सीडी मागे नेली, वाकून नीट पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"खरंच की. डायरेक्टर चुकला."