शेलारांच्या फोल्डरमधली बारावी फाइल

मैथिली, नीरज — “आधी कारण शोध, मग घाबर” असं तुम्हाला शिकवणारी आजीच हे लिहिते आहे, म्हणून नीट वाचा. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही ‘आहे’ असं म्हणवत नाही... पण जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

शिरूरच्या हायस्कूलमधून निवृत्त झाल्यावर मी भांडगावच्या आबांच्या आठवणी उतरवून घेत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आबा नव्वदीचे. उमेद होती तोवर मेंढरांमागे हिंडले. आता घरची शेती आहे. त्या आठवणींचं पुस्तक जुळवायला मी दौंडच्या शेलारांकडे दिलं.

शेलार जुने कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारे. छापखाना बंद पडल्यावर पन्नाशीत ते टेक नावाचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर शिकले. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर फोल्डर लावण्याची ठरलेली पद्धत — जगभर एकच. फाँट ‘फाँट्स’मध्ये, माहितीपत्रकं ‘डॉक’मध्ये. फाँट्सच्या आत आधी प्रकार, मग करणाऱ्याचं नाव, मग अक्षरवळणाचं. आणि आपण केलेली भर मूळ फायलींत मिसळायची नाही. तिच्यासाठी ‘लोकल’ नावाचं फोल्डरांचं वेगळं झाड, आतली मांडणी मात्र तीच.

शेलार म्हणायचे, “बाई, खिळ्यांच्या केसमधी प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असायचा. न बघता हात घातला तरी ‘क’च हाती यायचा. ह्या लोकांनी तेच केलंय, फक्त शिसं न्हाई.”

जुन्या खिळ्यांच्या ठशांवरून त्यांनी स्वतःचा फाँट काढला, नाव ठेवलं भीमथडी. एकच अक्षर राहिलं होतं — ‘ऱ्य’. म्हणून त्यांनी अशी सोय करून ठेवली, की जादा अक्षरांची फाइल सापडली तर सॉफ्टवेअरने ती घ्यायची, नाहीतर साधा रफार द्यायचा. ती फाइल करायच्या आतच शेलार गेले.

त्यांच्या पत्नी सुमनताईंनी मला पेन ड्राइव्ह दिला. म्हणाल्या, शेवटी हात थरथरायचा, त्यामुळे ते एक अक्षर राहिलंच. मी सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं आणि सवयीप्रमाणे प्रत्येक फोल्डरमधल्या फायलींची नावं वहीत लिहिली. भीमथडीच्या फोल्डरमध्ये अकरा.

मग प्रूफ घेऊन भांडगावला गेले. छापलं होतं तसंच वाचलं: “तीन दर्या ओलांडून मेंढरं घरी आणली.” आबांनी हात वर केला.

“बाई, तीन दऱ्या. तुमी तर समुद्र वाचला.”

मी म्हटलं, छपाईची अडचण आहे, लोक समजून घेतील.

“कसं घेतील? मी गेल्यावं म्हणतील, म्हाताऱ्यानं तीन समुद्रांतून मेंढरं पवत आणली. थापाड्या म्हणतील. ऱ्हाऊ द्या, नका छापू.”

सून मागून हसली, पण आबा हसले नाहीत. मला बाहेर सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “त्यांना आता लई दम लागतो. काय करायचं ते लवकर करा.”

दुसरा फाँट घालून पाहिला तर शेलारांनी बेतलेली सगळी पानं विस्कटली. पुण्यात एकांकडे चौकशी केली, त्यांनी दोन महिने मागितले. आबांकडे तेवढा वेळ आहे असं मला वाटत नव्हतं.

एका दुपारी जेवण करून बसले, चाळिसाव्या पानावरचा एक स्वल्पविराम काढला आणि पुस्तक पुन्हा सॉफ्टवेअरमधून काढलं. समोर — दऱ्या. पानं उलटत गेले. कोऱ्या, सुऱ्या, पायऱ्या... सगळीकडे तो बाकदार र. कुठली फाइल कुठून घेतली हे सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. तो रस्ता धरून गेले: लोकल, फाँट्स, प्रकार, शेलार, भीमथडी. तिथे बारावी फाइल होती. नाव, ‘जादा’.

पेन ड्राइव्हवर अकराच. सुमनताईंना दौंडला त्यांच्या संगणकात बघायला लावलं, तिथेही अकराच. माझ्या लॅपटॉपला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही.

नीरज, तू फोनवर म्हणालास, की सॉफ्टवेअर स्वतःची यादी ठेवतं आणि यादी जुनी असली तर असलेली फाइलही त्याला दिसत नाही. बरोबर आहे. पण वहीतली नावं मी लिहिली होती, सॉफ्टवेअरने नाही.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही, कौतुक वाटलं. फाइल ज्याने कोणी ठेवली, त्याने ती वाटेल तिथे टाकली नव्हती. पद्धत सांगते अगदी तिथेच ठेवली होती. आणि त्या ‘ऱ्य’चं वळणही इतर अक्षरांसारखंच, टोकाशी जरासं जाड.

आबांना पुन्हा वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. “हां. आता पायी चाललो आमी,” म्हणाले, आणि छापायला परवानगी दिली. मग कुणी दुरुस्त केलं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, अकरा-बारासकट.

“मंग त्यात इचार कसला?” आबा म्हणाले. “काम ऱ्हायलं व्हतं. करून गेला.”

हे उत्तर मला पटत नाही. याहून बरं मला सापडलेलंही नाही. पुस्तक छापायला गेलं आहे.