माणूस कोण घेणार?

रामदास डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, भातखाचरांच्या गावचा. २००९ साली तो अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला आला आणि वर्गातल्या पुण्याच्या शौर्यकडून एक खेळ शिकला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. शौर्य गोष्ट सांगायचा, बाकीचे तिच्यातली पात्रं व्हायचे, आणि घाव बसला की हुकला हे फासे ठरवायचे. सुरुवातीला कूळ निवडायचं : यक्ष, राक्षस, नाग, नाहीतर माणूस.

माणूस कोणीच घेत नसे. यक्षाला अंधारात दिसतं, राक्षसाचा घाव दुप्पट बसतो, नागाला विष बाधत नाही. माणसाला काहीच नाही.

रामदासला हे फार लागलं. माणसाला बरोबरीत आणायचं त्याने मनावर घेतलं. आधी त्याने माणसाला एक फासा जादा दिला. "मग यक्षानं काय भांडी घासायची?" नेहमी यक्ष घेणारी हर्षाली म्हणाली. मग माणूस इतरांपेक्षा लवकर शिकतो असा नियम केला. "शिकंस्तवर जगला पायजे ना राव," ओतूरचा सुदर्शन म्हणाला.

शेवटी त्याला पडकई आठवली. त्याच्या गावात एकाच्या खाचराचा बांध घालायचा तर घरटी माणूस येतो. दुसऱ्या दिवशी सगळे दुसऱ्याच्या रानात. तोच नियम झाला : माणसाने हाक मारली की बाकीच्या माणसांचे फासे त्याच्या फाशात मिळवायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम लिहून त्याने हजारो लढाया लावल्या. माणसं राक्षसांच्या बरोबरीला आली. प्रत्येक लढाईत त्याने चार माणसं धरली होती. एकटा माणूस धरायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी दुपारी कॅन्टीनच्या ओट्यावर चौघे बसले. रामदासने माणूस घेतला.

"तुम्ही दोघांनी पण घ्या," तो म्हणाला. "तिघं असलो की भारी पडतो."

"हर्षाली घेईल," सुदर्शन म्हणाला.

"आधी तू घे. मी घेतला आणि तू फिरलास तर?" हर्षाली त्याला म्हणाली.

"मी राक्षसच बरा. तू हाक मार भाऊ, मी येतो की."

"राक्षसाचा फासा माणसाच्या फाशात मिळत न्हाई," रामदास म्हणाला.

"मग नियम बदल."

"बदलला तर माणूस कशाला लागंल कोणाला?"

सुदर्शनने राक्षसच घेतला. हर्षालीने यक्ष घेतला.

दुसऱ्याच लढाईत रामदास घेरला गेला. त्याने हाक मारली. शौर्यने ओट्यावर एकदा नजर फिरवली. मिळवायला दुसऱ्या माणसाचा फासा नव्हता. रामदासने एकट्याचा टाकला, तो कमी पडला आणि त्याचं पात्र मेलं.

"नाग मोकळा आहे," शौर्य समजुतीने म्हणाला. "घे आणि ये परत."

रामदासने नाग घेतला. संध्याकाळपर्यंत तो एकदाही हरला नाही. सुदर्शनने दोनदा त्याची पाठ थोपटली. पुढच्या रविवारी शौर्यने कोण काय घेणार म्हणून विचारलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी नाग मागितला तो रामदासनेच.