वर काढलेली गाडी

“हिला कोणी हात लावायचा नाही. दार उघडून बघायचं नाही, चार्जरची वायर तर मुळीच नाही.”

देवबागला बस्त्यांवकाकांच्या अंगणात पाऊल ठेवल्यावर मी पहिलं वाक्य हे बोलले. नमस्कार-चमत्कार नंतर. समोर शेडमध्ये त्यांची रोजची इलेक्ट्रिक गाडी उभी होती आणि तिच्या दारांवर अर्ध्या उंचीला मिठाची रेघ होती. रात्री उधाण आलं होतं. समुद्र बांध ओलांडून अंगणात शिरला, घरात घोटाभर चढला आणि सकाळी वाळू सोडून मागे गेला.

इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी तळाला असते. तिच्यात खारं पाणी गेलं तर ती नुसती बंद पडेल की पेट घेईल, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी जाळ्याची जुनी दोरी मागून घेतली, शेडभोवती बांधली आणि घराचा मेन स्विच खाली केला. तसाही त्याचा उपयोग नव्हता. तारकर्लीपासून पुढे विजेचे खांब आडवे झाले होते आणि रस्त्यावर माड पडले होते. माझ्या कट्टा गावाहून बाइकवर निघालेली मी, तारकर्लीला बाइक टाकून चालत आले होते.

मी कुडाळच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस इंजिनिअर आहे. अशा पावसात ग्राहकाकडे चालत जाणं आमच्या कामात बसत नाही. पण पहाटे क्षणभर रेंज आली तेव्हा काका फोनवर एवढंच बोलले होते, “बाय, पयली गाडी पाण्यात गेली. दुसरी वयर आसा, पण ती जागी होणा नाय. टीचरचो सिलिंडर दुपारपर्यंतच पुरतलो.”

टीचर म्हणजे त्यांची बायको, फिलोमिना टीचर. कट्ट्याच्या शाळेत त्यांनी मला विज्ञान शिकवलं. बल्ब, बॅटरी आणि तारेचा तुकडा घेऊन पहिलं सर्किट मी त्यांच्या टेबलावर जोडलं आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. आता त्यांची फुप्फुसं थकली आहेत. घरी ऑक्सिजन काँसंट्रेटर असतो, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकापर्यंत देणारं यंत्र. ते विजेवर चालतं. वीज गेली की सिलिंडर. सिलिंडर संपला की पुढे काय, हा प्रश्न त्या घरात कायम असायचा.

त्याचं उत्तर म्हणून काकांनी आदल्या वर्षी दुसरी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. जुनी, लहान, एका डॉक्टरांनी विकलेली. हिच्यातून वीज बाहेरही घेता येते. गाडीच्या सॉकेटला एक खास अडॅप्टर लावायचा आणि त्यात घरातली वस्तू जोडायची, की झालं. गाडी फिरवायला नाही, उभी ठेवायला घेतलेली. तेव्हा शोरूममध्ये सगळे हसले होते. मीही हसले. काका हसले नाहीत.

“होडयेर दोन इंजिनां कित्याक असतत?” त्यांनी मला विचारलं होतं. “एक जावक, एक येवक.”

मी त्यांना नीट समजावलं होतं. आठवड्यातून एकदा चक्कर मारा, घराच्या खिडकीजवळ उभी करा, बॅटरी पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवू नका. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

“दुसरी गाडी कुठेय?” मी विचारलं.

काकांनी खाडीच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे वाळूचं एक उंच टेकाड आहे. पावसाळा आला की वाडीच्या होड्या त्याच्यावर ओढून ठेवतात आणि माडाच्या विणलेल्या झापांनी झाकतात. होड्यांच्या रांगेत शेवटी, झापांखाली, ती दुसरी गाडी. चारही चाकं जमिनीपासून वर, ओंडक्यांवर. आरशांना गोणपाट. बॉनेटखालची लहान बॅटरी काढून घरात ठेवलेली, होडीच्या इंजिनाची ठेवतात तशी.

मी कपाळाला हात लावला. काकांना मात्र यात काहीच वावगं दिसत नव्हतं. “पावसात होडी वयर काढतत मां? मगे गाडी कित्याक नाय?”

आता हे समजून घ्या. इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन. मोठी बॅटरी गाडी चालवते. लहान बॅटरी गाडीला जागं करते, कुलपं उघडते, ब्रेक सोडते. लहान नसेल तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही हाताला लागत नाही. काकांनी लहान बॅटरी जपून घरात नेली होती आणि पलंगाखाली ठेवली होती. रात्री घरात पाणी आलं तेव्हा सगळे टीचरना सांभाळत होते. बॅटरी खाऱ्या पाण्यात बसून राहिली आणि कामातून गेली.

पण मी शेडमधल्या मिठाच्या रेघेकडे पाहिलं, मग टेकाडाकडे. गाडी माझ्या सांगण्याप्रमाणे खिडकीजवळ असती, तर आज दोन्ही गाड्यांना दोरी बांधावी लागली असती. त्यांची चूक आणि माझा सल्ला, दोन्ही एकाच पाण्यात मोजली गेली होती. राग बाजूला ठेवला आणि घरात गेले.

टीचर आतल्या, पायरीभर उंच खोलीत पलंगावर टेकून बसल्या होत्या. बोलायला श्वास पुरत नव्हता. मला ओळखून त्यांनी फक्त बोटं हलवली. उचलून कुठे नेऊ नका, असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. ॲम्ब्युलन्स पडलेल्या माडांपलीकडे अडकली होती. काकांचा पुतण्या नवा सिलिंडर आणायला पहाटेच मालवणला चालत गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. वाडीतला एकुलता जनरेटर शेडमधल्या गाडीसारखाच भिजला होता. सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता.

“काका, होडीची बॅटरी कोरडी आहे का एखादी?”

“माळ्यार आसा.”

होडीची बॅटरी आणि गाडीची लहान बॅटरी, व्होल्ट तेच. फक्त होडीची आकाराने मोठी, त्यामुळे जागेवर बसेना. जाळ्याच्या दोरीने ती बॉनेटखाली आवळून बांधली, टोकं घासून साफ केली, वायर जोडली. किल्लीचं बटण दाबलं. दिवे लुकलुकले. आत जाऊन बघितलं तर पडद्यावर मोठी बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली. झापांखाली, पावसात, कोणी न विचारता ती गाडी सगळी वीज धरून बसली होती. मी रोज हीच कामं करते, तरी त्या आकड्याकडे बघत राहिले.

टेकाडावर रेंज होती. साहेबांना, म्हणजे आमच्या सर्व्हिस मॅनेजरना, फोन करून सगळं सांगितलं.

“मॅन्युअल काय म्हणतं?” त्यांनी विचारलं.

“वैद्यकीय उपकरणाला लावू नका म्हणतं.”

“मग?”

“सर, सिलिंडर संपल्यावर काय करायचं, ते मॅन्युअलमध्ये नाही.”

ते म्हणाले, “कारण माहीत आहे ना? गाडीने मध्येच वीज तोडली तर मशीन बंद पडेल. सिलिंडर पूर्ण संपू देऊ नकोस, शेवटचा भाग हाताशी ठेव. आणि आधी पंखा लावून बघ, थेट मशीन नको.” साहेबांना आम्ही मागे बरीच नावं ठेवतो. त्या दिवसापासून एक कमी केलं.

आता प्रश्न अंतराचा. गाडी टेकाडावर, टीचर घरात, मध्ये समुद्राने आणून टाकलेली मऊ वाळू आणि जागोजाग पाणी. अडॅप्टरची वायर गाडी खिडकीजवळ असेल तरच पुरेल अशी. वायरला वायर जोडून पाण्यावरून नेणं मी कोणालाही करू दिलं नसतं. गाडी चालवत न्यावी तर चाकं वाळूत बुडणार. मी हे काकांना सांगितलं. ते टेकाडाच्या कडेला गेले, तोंडाशी हात धरले आणि वाडीच्या दिशेने एक लांब हाक मारली. शब्द नव्हते तिच्यात.

होडी ओढायची हाक अशीच असते, हे मला नंतर कळलं. ती ऐकली की हातातलं काम टाकून यायचं. कोणाची होडी, हे विचारायचं नाही. त्या सकाळी प्रत्येकाच्या घरात पाणी होतं, कोणाचं छप्पर गेलं होतं, कोणाची जाळी वाळूत गाडली होती. तरी ते आले. लुंगी वर खोचलेले तारी, म्हणजे होडी चालवणारे, आले, मासळी विकणाऱ्या बायका साड्या खोचून आल्या, शेजारच्या वाड्यातले पेद्रू आणि त्यांचे भाऊ आले. होडीऐवजी गाडी बघून एकानेही तोंड वाकडं केलं नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, “हिका नाळ खंय आसा?” नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी पुढचा टोइंगचा हूक दाखवला. दोर तिथे बांधला गेला.

माझी अट एकच होती. चाकं अडकलेली असताना गाडी फरफटवायची नाही, मोटर खराब होते. कोणीतरी आत बसून गाडी न्यूट्रलमध्ये धरली पाहिजे.

“मगे तू बस गो बाय,” काका म्हणाले.

मी बसले. वाशांनी गाडी उचलून ओंडके काढले गेले. चाकांपुढे फळ्या पडल्या. काकांनी होडी ओढायच्या गाण्याची तान दिली, सगळ्यांनी एका आवाजात ती उचलली आणि गाडी हलली. मागच्या फळ्या पळत पुढे येत होत्या. काचेतून मला फक्त वाकलेल्या पाठी दिसत होत्या, पावसाने निथळणाऱ्या, आणि ताणलेला दोर. मोटर बंद, पाय ब्रेकवर नाही, हातात नुसतं स्टिअरिंग. गाडी जात होती. इतकी वर्षं मी गाड्या कशा चालतात हे लोकांना समजावते आहे. त्या क्षणी मला काहीही समजावता आलं नसतं. डोळे भरून आले होते आणि स्टिअरिंग सोडून ते पुसताही येत नव्हते.

घराच्या कडेला जोत्याजवळ थोडी घट्ट जागा होती. गाडीचं तोंड टीचरच्या खिडकीला लागलं. मी वायर बांबूवरून उंच टांगून आत नेली, म्हणजे कुठे ओलाव्याला टेकणार नाही. आधी पंखा लावला. फिरला. फिरत राहिला. मग सगळं दुसऱ्यांदा तपासलं आणि काँसंट्रेटर लावला. तो एकदा चिरकला आणि मग त्याचा नेहमीचा श्वास सुरू झाला, घुस्स, थांब, घुस्स. आम्ही नळी सिलिंडरवरून यंत्रावर घेतली. सिलिंडर बंद केला. आत थोडा उरला होता.

खिडकीबाहेर अख्खी वाडी पावसात उभी होती आणि यंत्राचा आवाज ऐकत होती. टीचरच्या ओठांचा रंग हळूहळू परत आला. त्यांनी डोळे उघडले, खिडकीत गाडीचे दोन दिवे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

“ही इथे कशी आली?”

“ओढून आणली, टीचर.”

“कोणी?”

मला नावं सांगता येईनात. “सगळ्यांनी,” मी म्हटलं.

पुतण्या संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आला. मालवणात सगळीकडेच वीज नव्हती आणि सिलिंडर आधीच संपले होते. तो दारात उभा राहून काय सांगावं ते शोधत होता. मग त्याने आवाज ऐकला आणि पायरीवर बसून रडला.

वीज यायला बरेच दिवस लागले. त्याआधी रस्ता मोकळा झाला, नवे सिलिंडर आले, ॲम्ब्युलन्सही दारापर्यंत आली. टीचर म्हणाल्या, मी इथेच बरी आहे. मी रोज पडद्यावरचा आकडा बघायला जायचे. यंत्राला वीज लागते ती गाडीच्या भुकेपुढे चिमूटभर, त्यामुळे आकडा अगदी सावकाश उतरत होता. एक जागची न हलणारी गाडी एका माणसाला दिवसच्या दिवस श्वास देत होती, आणि तिचा आवाजसुद्धा येत नव्हता.

भिजलेली गाडी नंतर ट्रकवर घालून नेली. दुसरी आता खिडकीजवळच असते, पण वाडीने तिच्यासाठी जांभ्या दगडाचं उंच जोतं बांधलं आहे, टेकाडाच्या उंचीला. जागा मी सांगितलेली, उंची त्यांची. होडीची बॅटरी मी काढून दिली आणि नवी बसवली. बॉनेटखालची ती जाळ्याची दोरी मात्र काकांनी काढू दिली नाही.

यंदा मे सरता सरता काकांचा फोन आला. मला वाटलं, गाडीचं काही.

“बाय, आयतवारी होडी वयर काढूची आसा. येतलंस मां?”

रविवारी आमचा सर्व्हिस कॅम्प होता. साहेबांकडे रजा मागितली. कारण विचारलं, तर खरं ते सांगितलं. त्यांनी वर बघितलं आणि सही केली. होडी गाडीपेक्षा जड निघाली. हाताला फोड आले.

दुसरी इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का, असं ग्राहक मला आजही विचारतात. मी रेंज सांगते, चार्जिंग सांगते, लहान बॅटरी काढू नका म्हणून बजावते. मग विचारते, तुमच्याकडे हाक मारली तर किती माणसं येतात? लोकांना वाटतं, मी विषय बदलते आहे.