शेवरलेच्या सीटखाली

चिकलठाण्यात जालना रोडला लागून सुरेखाचं सीट कव्हरचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, आत शिलाई मशीन, दारात रेक्झिनचे तागे. रिक्षाचे हूड आणि ट्रॅक्टरच्या गाद्या शिवण्यात तिची बरीच वर्षं गेली. मग शहरात जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांचा क्लब निघाला. सुरुवातीला चार मित्र होते. बघता बघता जालना, परभणीचे लोक सामील झाले. कुणाच्या गोदामातून, कुणाच्या शेतातल्या शेडमधून आजोबांच्या डॉज आणि प्लायमाउथ बाहेर निघू लागल्या. इंजिनं दुरुस्तीला कुठंकुठं जायची, गाद्यांचं काम मात्र सुरेखाकडं यायचं.

गेल्या उन्हाळ्यात क्लबातल्या शिवराजनं देवगाव रंगारीहून चौपन्न सालची शेवरले आणली.

"ताई, खुलताबादच्या रॅलीआधी पायजे बरं का," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी सुरेखानं पुढच्या लांबलचक सीटवर बसून मापं घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या बाजूला शिरली. मागच्या दारांना आतून मूठ नव्हती, काच उतरवायचा दांडाही गळून पडलेला. पण ट्रक गेला की धुळीचा लोट आत येत होता, म्हणून तिनं दार ओढून घेतलं. निघताना पुढच्या सीटवरून ओलांडून जाऊ, असा तिचा विचार.

ती जुनं कापड उसवत होती, तेवढ्यात हवा सुटल्यासारखा आवाज आला. टायर बसला वाटतं, असं म्हणून तिनं मान वर केली. पुढच्या सीटच्या पाठीला एक चीर होती. चिरीतला काथ्या हलला आणि त्यातून नाग बाहेर आला. सीटच्या कडेवर अंग टाकून त्यानं फणा काढला. तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर.

सुरेखाचा एक पाय मुडपलेला होता, हातात कात्री होती. ती तशीच राहिली. ओरडावं वाटलं, पण हललं की डसेल. पुढच्या सीटवर ठेवलेला तिचा मोबाईल थरथरू लागला. नवरा अतुल कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत फोन करतो, तोच असणार. नागानं फणा तिकडं वळवला, परत तिच्याकडं आणला. बंद व्हावा तो फोन, एवढंच ती मनात म्हणत राहिली. पाठीवरून घाम ओघळत होता, तोही नागाला दिसेल असं तिला वाटत होतं.

बाहेर बुलेट थांबली. शिवराज हसत आला, काचेवर टकटक केली.

"काय ताई, आतच मुक्काम का?"

त्यानं पुढच्या दाराच्या मुठीला हात घातला. दार उघडलं असतं तर त्याचा हात थेट नागाजवळ आला असता.

"नका उघडू," ती ओठ न हलवता म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. दार कुरकुरलं. "नाग हाय, भाऊ. नाग."

त्यानं आत पाहिलं आणि हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. तोंडावरचा रंग उडाला. तो थोडा दूर जाऊन फोन लावू लागला. सर्पमित्र कडूबा मुकुंदवाडीहून निघाला, पण तो पोचायच्या आत नाग हळूच खाली उतरला आणि पुढच्या सीटखाली गेला. आता तो दिसत नव्हता. सुरेखाला हे जास्त असह्य झालं. पायाला काहीही लागलं की तोच वाटायचा.

"भाऊ, दार उघडा," ती रडत म्हणाली. "मागचं. लवकर."

शिवराज जागचा हलेना. मग डोळे मिटल्यासारखे करून तो धावत आला, मागचं दार उघडलं आणि तिच्या दंडाला धरून बाहेर ओढलं. दोघंही मातीत पडले.

कडूबा आल्यावर त्यानं पुढची सीट उचलली आणि लांब चिमट्यानं नाग धरून बरणीत घातला. मग त्यानं स्प्रिंगांमध्ये अडकलेली कात बाहेर ओढली. बरीच लांब होती.

"हा कालपरवा नाय आला," तो म्हणाला. "गाडीसंगंच आलाय गावाकडून."

म्हणजे आदल्या दिवशी सुरेखा त्याच्याच अंगावर बसून मापं घेत होती. शिवराज तर कातीकडं बघत खाली मातीतच बसला.

"माझी लेक याच सीटवर झोपून आली," तो म्हणाला. "देवगावपासून इथपर्यंत."

सुरेखानं काम सोडलं नाही, पण गाडीत बसून करायचं सोडलं. सगळ्या गाद्या अंगणात काढून शिवल्या. सुई टोचली तरी दचकायची. झोपायच्या आधी अतुलला पलंगाखाली बॅटरी मारायला लावायची.

रॅलीच्या सकाळी शिवराज बायकोला, तनुजाला घेऊन दुकानावर आला. लेकीला घरीच ठेवलं होतं. तनुजा गाडीशेजारी उभी होती, पण आत बसेना.

"तुम्ही बसाल का हिच्यात?" तिनं सुरेखाला विचारलं.

"मला लई भ्या वाटतंय, वहिनी. खोटं कशाला बोलू?" सुरेखा म्हणाली. "पण गाद्या मी सोता भरल्यात. तुम्ही बसत असाल तर मी बसते."

दोघी मागं बसल्या, हात घट्ट धरून. दौलताबादच्या पुढं घाट लागला आणि सुरेखाच्या घोट्यावरून काहीतरी मऊ सरकलं. ती किंचाळली, तिच्यामागं तनुजाही. शिवराजनं करकचून ब्रेक दाबला. मागच्या गाड्यांचे भोंगे वाजू लागले.

तनुजाच्या साडीचा पदर होता तो.

कुणालाही हसू आलं नाही. शिवराजनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं, खोल श्वास घेतला आणि पहिला गिअर टाकला. दोघी पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या. खुलताबाद येईपर्यंत एकीनंही पाय खाली सोडले नाहीत.